रेघांची अर्धी तिकिटं

बत्तीस वर्षं मी एस.टी.त कंडक्टर होतो. नाशिक-मालेगाव आणि मालेगाव-नाशिक. या बत्तीस वर्षांत माझ्या गाडीच्या दारात कुणी लोंबकळलेला दाखवा, मी मिशी काढून हातावर ठेवीन. "पुढे सरका, पुढे जागा आहे, मागच्याला येऊ द्या!" हे मी इतकं ओरडलोय की लग्नात अक्षता टाकताना पण तोंडातून तेच निघायचं.

असल्या माणसाला निवृत्तीनंतर चित्रांच्या संग्रहालयात राखणीला बसवला. आता यात चूक माझी का त्यांची, ते तुम्हीच ठरवा.

नोकरी शोधली आमच्या मंडळींनी. मंडळी म्हणजे कुसाबाई. मी घरी बसून दीड महिना झाला नाही तोच एका सकाळी कणीक मळता मळता ती म्हणाली, "अहो, मी ओट्यापाशी उभी हाय तर मलाच पुढे सरका म्हणता. पुढे भिंत हाय. कुठं सरकू?" त्याच आठवड्यात तिने आमच्या इंदिरानगरच्या हळदीकुंकवातून बातमी आणली. गंगापूर रोडला चित्रांचं संग्रहालय निघालंय आणि तिथं शिस्तीचा माणूस पाहिजे. शिस्तीचा! मला वाटलं, ही नोकरी आपल्यासाठीच काढलीय.

पहिला दिवस रविवारचा. मला वरच्या मजल्यावरचं दालन दिलं. एक खुर्ची, एक बाक, एक पंखा आणि भिंतीवर एकोणीस चित्रं. अकरा वाजता सेहेचाळीस माणसं एकदम वर आली आणि पहिल्याच चित्रापाशी थबकली. मागचे जिन्यात अडकले. माझ्या डोक्यात तिडीक गेली. उठलो आणि लावला आवाज, "पुढे सरका! एकालाच चिकटू नका! पुढे अठरा आहेत, मोकळी आहेत सगळी!" चौदा मिनिटांत सेहेचाळीसच्या सेहेचाळीस खाली. छाती फुगली माझी.

संग्रहालय सांभाळणाऱ्या हर्षाली मॅडम जिना चढून आल्या. पस्तिशीच्या, शांत बाई. रिकामं दालन बघून म्हणाल्या, "सहादूकाका, माणसं कुठं गेली?"

"सोडली."

"इतक्यात?"

"मॅडम, एक पण लेट नाही."

त्या बाकावर बसल्या आणि मला समजावायला लागल्या, "काका, इथं कुणाला कुठं पोचायचं नसतं. एखादा माणूस दोन तास एकाच चित्रासमोर उभा राहिला ना, तर समजायचं की संग्रहालय काढल्याचं सार्थक झालं. घरी जाताना तो डोक्यात काहीतरी घेऊन जातो. मग त्याचं त्याला सुचायला लागतं."

"दोन तास?" मला हसूच आलं. "मॅडम, दोन तासांत आमची गाडी उमराणे गाव मागं टाकते."

"तुम्ही पण बघा एकदा उभं राहून. आणि प्लीज, ओरडू नका."

ओरडणं मी कमी केलं. बंद केलं असं म्हणत नाही, खोटं कशाला बोलू.

आता माझ्या खुर्चीच्या बरोबर समोर जे चित्र होतं त्याबद्दल सांगतो, कारण पुढची सगळी भानगड त्यानेच केली. आठ फूट रुंद. पांढरा रंग, आणि त्यावर करड्या उभ्या रेघा. एकाखाली एक चोवीस ओळी, ओळीत काही रेघा लांब, काही आखूड. खलास. ना झाड, ना डोंगर, ना गणपती. बाकीच्या अठरा चित्रांत निदान गाय तरी होती, नाहीतर एखादी बाई होती. हे मला बघायला दिलेलं असं, की दिवसभर पांढरी भिंत बघितली काय आणि हे बघितलं काय. मी कुसाबाईला सांगितलं पण, "मी काढलं असतं तर रेघा निदान सारख्या आल्या असत्या."

दिवाळी झाली आणि एका शुक्रवारी एक बाई आली. पन्नाशीच्या आसपासची, डोक्यावर ओढणी, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. गाय सोडून, बाई सोडून, ती सरळ त्या रेघांसमोर जाऊन उभी राहिली. अर्धा तास झाला, हालायचं नाव नाही. मी खाकरलो. मग दुसऱ्यांदा खाकरलो. शेवटी उठून जवळ गेलो, "ताई, पुढे..."

ती वळली, माझ्याकडे बघितलं आणि हसायलाच लागली. "अरे! तुम्ही तर मालेगाव गाडीवाले चाचा! माझ्या झीशानला फुल तिकीट लावलं होतं तुम्ही!"

"कोण झीशान?"

"माझा मुलगा. अकरा वर्षांचा होता. मी म्हटलं हाफ द्या, तर तुम्ही म्हणाले, याला मिसरूड फुटतंय, याचं आता लग्न लावा. सगळी गाडी हसली."

मला आठवत नव्हतं. पण वाक्य माझंच होतं, त्यात शंका नाही. "वयाचा दाखला दाखवला असता तर दिलं असतं अर्धं," मी आपला तोरा सोडला नाही.

"पोराचा दाखला पदरात बांधून कोण फिरतं, चाचा?"

तिचं नाव आलिमा. मालेगावला इब्राहिमशेठच्या कारखान्यात कामाला. काय काम, विचारलं, तर म्हणाली, "भोकं पाडते." मग नीट सांगितलं. साडीच्या काठावर नक्षी येते ती मागाला कळायला पुठ्ठ्याच्या पट्ट्या लागतात. पट्टीला जिथं भोक तिथं धागा वर येणार, जिथं भोक नाही तिथं खालीच राहणार. म्हणजे काठावरची कोयरी ही खरं तर आधी पुठ्ठ्यावरची भोकंच. बावीस वर्षं आलिमा ती भोकं पाडत होती.

आणि तेच आता बंद व्हायला आलं होतं. शेठने तिला सांगितलं होतं, "आलिमाबी, तुमची कोयरी, तुमचा जिना, तुमचा चौकडा, बाजारात सगळ्यांकडे हेच आहे. सुरतेहून कॉम्प्युटरवरची नक्षी तयार मिळते. पुढच्या एक तारखेपर्यंत कुणाकडे नाही असा काठ आणून द्या, नाहीतर तुमच्या टेबलाचं काम संपलं." नाशिकला एका लग्नाला आली असताना तिला संग्रहालयाची पाटी दिसली होती. माग शुक्रवारी बंद असतात, म्हणून दर शुक्रवारी सकाळच्या गाडीने ती इथं येणार होती, काठ शोधायला.

"मग गाय घ्या की," मी म्हणालो. "मोर पण आहे तिकडे कोपऱ्यात."

"मोर सुरतेत पण आहे, चाचा. ही चाल नाही तिकडे." तिने रेघांकडे बोट केलं. "ऐका ना. लांब, लांब, आखूड. लांब, आखूड, आखूड, लांब. माग चालतो तसं वाटतं."

मी कान देऊन ऐकलं. पंख्याचा आवाज येत होता.

फोटो काढायला बंदी होती, चित्रकाराच्या घरच्यांनीच तशी अट घातलेली. मॅडमनी पेन्सिल-कागदाला परवानगी दिली. आलिमा म्हणाली, चित्र नेत नाही, फक्त मोजणी नेते. पहिले तीन शुक्रवार ती नुसती बघत राहिली. चौथ्या शुक्रवारी चौकटीचा कागद काढला आणि एकेक ओळ मोजून खुणा करायला लागली. एक ओळ तीनदा मोजायची, तीनदा जमलं तरच लिहायचं. संध्याकाळपर्यंत सहा ओळी झाल्या. उरलेल्या अठरा पुढच्या शुक्रवारी करायच्या ठरल्या.

आणि पुढच्या शुक्रवारी आली शाळेची सहल. तीन तुकड्या, एकशे चाळीस पोरं. वरच्या जिन्यात ही गर्दी! रेघांच्या समोर आलिमा, चष्मा लावून, ओठ हलवत. तिच्यामागे पोरं तुंबलेली. माझ्यातला कंडक्टर असा काही जागा झाला म्हणून सांगू! "पुढे सरका! ए, दप्तर पुढे घे! ताई, तुम्ही पण पुढे सरका, मागं लेकरं अडकलीत!"

तिने दचकून माझ्याकडे बघितलं, कागदाकडे बघितलं आणि सातवी ओळ पहिल्यापासून मोजायला घेतली. मी पुन्हा ओरडलो. तिने पुन्हा पहिल्यापासून घेतली. तिसऱ्यांदा तर मी तिच्या कानाशीच होतो, कारण दोन पोरं भांडत होती आणि त्यांना वेगळं करायचं होतं. ती बाकावर बसली. चष्मा काढला, पुसला. सहल उतरून गेली तेव्हा साडेतीन वाजले होते. ती उठून आली आणि म्हणाली, "चाचा, मोजणी तुटली. आता डोक्यात काही बसत नाही. माझी चारची गाडी आहे." रागावली असती तर मी पण दोन शब्द ऐकवले असते. ती रागावली नाही. खाली मान घालून गेली, आणि तो कागद बाकावरच राहिला.

मॅडम वर आल्या. "आलिमाताई गेल्या? झालं का त्यांचं? सोमवारी सकाळी त्यांना शेठला पट्ट्या द्यायच्यात."

सोमवारी एक तारीख होती.

मी तुम्हाला एक सांगतो. कंडक्टर गाडीत माणसं मोजत असतो. तेवीस, चोवीस, पंचवीस. तेवढ्यात एखादा शहाणा विचारतो, ओझर कधी येईल हो? झालं! सगळी गाडी पुन्हा मोजा. अशा एकाला मी खरोखरच ओझरला उतरवून दिला होता, त्याला जायचं होतं पिंपळगावला. मोजणी मोडणाऱ्याला मी कधी माफ केलं नाही. आणि आज मी एका बाईची मोजणी तीनदा मोडली होती, तिच्या हातातलं काम जायची वेळ असताना. स्वतःचीच लाज वाटली. घरी गेलो, जेवण गेलं नाही. कुसाबाईला म्हणालो डोकं दुखतंय.

शनिवारी सकाळी घरातून निघताना मी कपाटातून माझा पंच काढला. तिकिटांना भोक पाडायचा, लोखंडी. मशीन आल्यावर सगळ्यांनी टाकून दिले, मी ठेवला होता. भिंतीवरचं जुनं कॅलेंडर उतरवलं, त्याची पानं कापून अठरा पट्ट्या केल्या. दालन उघडल्या उघडल्या खुर्ची बाजूला सारली आणि त्या रेघांसमोर जाऊन उभा राहिलो.

खरं सांगतो, पहिली पाच मिनिटं नुसता वैताग आला. पाय चुळबुळ करायला लागले. मग सातवी ओळ मोजायला घेतली आणि मध्येच माझ्या लक्षात आलं की अरे, ही तर माणसं आहेत! उभे प्रवासी. गच्च भरलेल्या गाडीत दांडा धरून उभे असतात, तसे. लांब रेघ म्हणजे बाप्या, नाहीतर बाई. आखूड रेघ म्हणजे बरोबरचं लेकरू. दहाव्या ओळीत तर एकामागोमाग नऊ आखूड रेघा होत्या, ती पिंपळगावची शाळा सुटलेली. तीन महिने मी यांच्या तोंडासमोर बसत होतो आणि मला एक माणूस ओळखू आला नव्हता. माझं मलाच हसू आलं.

एकदा प्रवासी दिसल्यावर हाताला सांगावं लागलं नाही. टक, टक, टक. ओळीमागून ओळ, माझा पंच चालायला लागला.

लोक यायचे, बघायचे. संग्रहालयाचा राखणदार चित्रापुढे उभा राहून कॅलेंडर टोचतोय, आता हे कुणी चुकवील का? "काका, काय करताय?" "मोजतोय. गप उभे राहा." आणि ती खरंच गप उभी राहायची! एक जाड चष्म्याचे गृहस्थ तेराव्या ओळीला माझ्याबरोबर मोजायला लागले. एक नवरा-बायको सोळाव्या ओळीवरून भांडली, ती म्हणे एकतीस, तो म्हणे बत्तीस. दुपारी मॅडम जिन्यात आल्या. मला वाटलं, आता नोकरी गेली. त्यांनी दालनाकडे बघितलं, वीसेक माणसं त्या एका चित्रासमोर दाटीने उभी होती. त्या गेल्या आणि माझ्यासाठी चहा पाठवला.

रविवारी चारला अठरावी पट्टी झाली. प्रत्येक पट्टीवर ओळीचा आकडा घातला. आलिमाचा कागद आणि पट्ट्या पाकिटात घालून मी ठक्कर बाजारच्या एस.टी. स्टँडला पोचलो. रवी माझ्या हाताखाली तयार झालेला कंडक्टर, पाचची मालेगाव गाडी त्याची. "रवी, हे शर्टाच्या आत ठेव. मालेगावच्या स्टँडवर आलिमाबाई येतील, त्यांच्याच हातात द्यायचं." तिकडे मॅडमनी रजिस्टरातून नंबर काढून आलिमाला फोन केला होता. गाडी सुटली आणि मला इतकं हलकं वाटलं की मी चालत घरी निघालो.

घरी कुसाबाईला सगळं सांगितलं. पट्ट्या कशा केल्या, प्रवासी कसे दिसले, लांब रेघेला एक भोक, आखूड दोघींना मिळून एक.

भाकरी थापता थापता तिचा हात थांबला. "दोन मिळून एक का?"

"का म्हणजे? लेकरांचं अर्धं तिकीट."

"अहो, पण रेघेला कुठलं आलंय अर्धं तिकीट? आखूड असली तरी रेघच हाय ना ती. तिची जागा ती धरणारच. कानातलं बारीक असलं म्हणून दोन कानांत मिळून एक घालते का मी?"

मी कपाळावर हात मारला. बत्तीस वर्षांची सवय, हाताला वळणच ते. अठराच्या अठरा ओळी मी अर्ध्या तिकिटाने मोजल्या होत्या! मॅडमकडून नंबर मिळवेपर्यंत सोमवारची सकाळ उजाडली. फोन लावला. पलीकडे मागांचा खडखडाट.

"आलिमाताई, पट्ट्या वापरू नका! चुकल्यात!"

"कोण? चाचा? झाल्या झाल्या, तुमच्यावरून माझ्या पुठ्ठ्याच्या पट्ट्या पहाटेपासून बसून पाडल्या. शेठच्या हातात गेल्या आत्ता!"

"चुकल्यात म्हणतोय मी!"

"माग चालू झाले, चाचा, काही ऐकू येत नाही! तुमचे खूप उपकार!"

उपकार! आयुष्यभर ज्याच्या आवाजाने सगळी गाडी हलायची, त्याचा आवाज नेमका तेव्हा पोचला नाही. पुन्हा लावला, तर लागेना. मग धीरच झाला नाही. काय सांगणार होतो? आधी तुमची मोजणी मोडली आणि मग खोटी मोजणी पाठवली, आता घरी बसा?

तो शुक्रवार गेला, आलिमा आली नाही. त्याच्या पुढचा पण गेला. मी ओरडणं बंद केलं. खरोखर बंद केलं. लोक दालनात पाय पसरून बसले तरी मी काही बोलायचो नाही. मॅडम काळजीत पडल्या, "काका, ब्लडप्रेशर तपासून घ्या." मी रेघांकडे तोंड करून बसायचो. आता ते सगळे प्रवासी माझ्याकडेच बघत होते, आणि दहाव्या ओळीतली नऊ पोरं तर जास्तच.

तिसऱ्या शुक्रवारी जिन्यात पावलं वाजली. आलिमा. हातात पिशवी, चेहरा गंभीर.

"चाचा, हे तुम्ही काय केलं?"

मी उभा राहिलो. मान खाली. "ताई, चुकलं माझं. आखूड रेघा अर्ध्या मोजल्या. सवय. तुमचं काम गेलं ना? मी येतो शेठकडे, मी सांगतो त्यांना, माझी चूक आहे म्हणून."

तिने पिशवीतून साडी काढून माझ्या खुर्चीच्या पाठीवर टाकली. जांभळी साडी, पांढरा काठ, त्यावर करड्या रेघा. काठाच्या सुरुवातीला सहा ओळी सरळ, एकाखाली एक, शिस्तीत. त्या तिच्या. सातव्या ओळीपासून रेघा आपली जागा सोडून एका अंगाला कलायला लागल्या. मग आणखी कलल्या, मग एकदम दुसरीकडे. पुन्हा सहा ओळी सरळ. पुन्हा गेल्या तिरक्या. चांदवडच्या उतारावर ड्रायव्हरने ब्रेक मारला की उभे प्रवासी कसे जातात एकमेकांच्या अंगावर, तसं सगळं काठभर चाललं होतं.

"मी पट्ट्या बघितल्या तेव्हाच कळलं होतं, माझ्या ओळींशी जमत नाहीत," आलिमा म्हणाली. "पण दुसरं काही करायला वेळ कुठं होता? लावल्या तशाच. शेठने पहिला वीतभर काठ बघितला आणि हसले. म्हणाले, आलिमाबी, नक्षी पळतेय तुमची. मग कापड हातात धरून बसले. बराच वेळ बसले. मग म्हणाले, सुरतवाल्यांना हे जमणार नाही. त्यांच्या कॉम्प्युटरला चुकता येत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे बारा मागांवर हाच काठ आहे, चाचा. तीन आठवडे श्वास घ्यायला फुरसत नव्हती, म्हणून आले नाही. आणि शेठ म्हणतात, पुढचा काठ कधी?" आता मात्र तिला हसू आवरेना. "माझ्या पोराला तुम्ही पूर्ण तिकीट लावलं आणि रेघेला अर्धं. जा, फिटलं आपलं."

मी चष्मा नसताना चष्मा पुसायचं निमित्त शोधलं. डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं, आणि आलं तर आलं, लपवायचं काय त्यात. तेवढ्यात मॅडम वर आल्या. साडी बघितली, सगळं ऐकलं आणि त्यांनी आलिमाला एकच विचारलं, "त्या कॅलेंडरच्या पट्ट्या टाकून तर नाही ना दिल्या?"

टाकल्या नव्हत्या. पिशवीतच होत्या.

पंधरा दिवसांनी त्या मोठ्या चित्राच्या शेजारच्या भिंतीवर तीन वस्तू लागल्या. आलिमाचा चौकटीचा कागद, माझ्या अठरा पट्ट्या काचेच्या चौकटीत, आणि काठ दिसेल अशी लांब सोडलेली साडी. खाली पाटी, 'आलिमा अन्सारी, मालेगाव, आणि सहादू बोराडे, कंडक्टर'. उद्घाटनाला कुसाबाई आली. चित्र बघितलं नाही, साडी बघितली नाही, पट्ट्यांना नाक लावून उभी राहिली. मग माझ्या कोपराला धरून मोठ्याने म्हणाली, "अहो, ही बाराव्या पट्टीवर सिलेंडर आल्याची माझी खूण हाय! माझं सिलेंडर लागलं संग्रहालयात!" सगळं दालन हसलं. आलिमाने तिला जवळ घेतलं आणि दोघी बाकावर बसून पुढच्या काठाबद्दल बोलायला लागल्या. कुसाबाईचं म्हणणं, कानातल्यांचा काठ करा.

त्या दिवसापासून मी माझी खुर्ची हलवून घेतली. आता माझ्यासमोर रेघा पण असतात आणि पट्ट्या पण.

परवाची गोष्ट. एक साहेब आले. डोक्यावर काळा चष्मा, हातात गाडीची किल्ली. मोठ्या चित्राकडे नजर टाकली. साडीकडे टाकली. माझ्या पट्ट्यांसमोर आले, एक, दोन, तीन सेकंद थांबले, आणि चालले पुढे! माझ्या डोक्यात तिडीक गेली. मॅडम दालनातच होत्या, त्यांच्यादेखत मी उठलो आणि लावला आवाज.

"ओ साहेब! पुढे कुठं निघालात? मागं सरका!"

साहेब जागच्या जागी थिजले. "काय झालं?"

"एवढ्यात काय दिसलं तुम्हाला? या इकडे. उभे राहा आणि मोजा."

त्यांनी मॅडमकडे बघितलं. मॅडम खिडकीबाहेर बघत होत्या, खांदे मात्र हलत होते. साहेब मुकाट्याने मागं आले आणि पट्ट्यांसमोर उभे राहिले.

"किती वेळ थांबायचं?" त्यांनी विचारलं.

मी खुर्चीत बसलो, पाय लांब केले.

"उमराणे येईपर्यंत," मी म्हणालो.